नगरच्या अ‍ॅनाबाई आणि बँकॉकची शाळा

'द किंग अँड आय' हा १९५६ सालचा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो व्हिडिओ कॅसेटवर, नगरला, एका मित्राच्या घरी. त्यातला एक प्रसंग तेव्हापासून डोक्यात राहिला आहे. सयामच्या राजवाड्यात इंग्रजी शिकवायला आलेल्या गोऱ्या बाई मुलांना बर्फाबद्दल सांगू लागतात. आकाशातून पांढरे, मऊ असे काही पडते आणि जमीन झाकून जाते, यावर राजाच्या मुलांचा विश्वास बसत नाही आणि वर्गात गोंधळ उडतो. मला मुलांची बाजू पटली होती, कारण तोवर बर्फ मीही पाहिला नव्हता.

ज्या बाईंच्या आयुष्यावरून हे पात्र बेतले, त्या अ‍ॅना लिओनोवेन्स यांचा जन्म आमच्याच नगरचा, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. मग मी नोकरी सांभाळून, मिळेल ते वाचत तिच्या मागे लागलो. बँकॉकला पोचेपर्यंतची तिची जी वाटचाल कागदपत्रांतून दिसते, तीत नगर, पुणे, पर्थ, पिनांग, सिंगापूर अशी ठिकाणे येतात. इंग्लंड त्यात कोठेच येत नाही. बर्फाची गोष्ट सांगणारी ती इंग्रज बाई खऱ्या आयुष्यात आपल्या विद्यार्थ्यांइतकीच उन्हाळी प्रदेशातली होती.

अ‍ॅना हॅरिएट एमा एडवर्ड्सचा जन्म नोव्हेंबर १८३१ चा. पेशवाई संपून तेरा वर्षे झाली होती आणि नगरला कंपनी सरकारची छावणी नांदती होती. वडील टॉमस एडवर्ड्स हे सॅपर्स अँड मायनर्स पलटणीत सार्जंट. मूळचे मिडलसेक्सकडचे, लाकूडकाम करणारे. मुलगी जन्मण्यापूर्वीच ते वारले. आई मेरी अ‍ॅन ग्लॅस्कॉट ही मुंबई इलाख्याच्या देशी पायदळातल्या एका अधिकाऱ्याची मुलगी. या आईची आई कोण, तिचे नाव काय, हे कागदावर सापडलेले नाही. ती इथलीच असावी किंवा मिश्र वंशाची असावी, असे अभ्यासक मानतात. त्या काळच्या छावणीत अशी कुटुंबे पुष्कळ होती. गोऱ्या शिपायाची बायको गोरी असेलच असे नसे, आणि नोंदवहीत बापाचे नाव ठळक व आईचे पुसट, कधी अजिबात नाही, असा प्रकार असे.

आईने लवकरच दुसरे लग्न केले, तेही लष्करातल्याच एका आयरिश माणसाशी. बदल्यांमागून बदल्या होत गेल्या. अशा घरातल्या मुलीच्या कानावर घरात इंग्रजी, आयाच्या तोंडून हिंदुस्तानी आणि बाजारात मराठी पडणे अटळच होते. २५ डिसेंबर १८४९ रोजी, नाताळच्या दिवशी, पुण्यात अ‍ॅनाचे लग्न झाले. नवरा टॉमस लिऑन ओवेन्स हा साध्या शिपायापासून पगारखात्याच्या कारकुनापर्यंत चढलेला आयरिश तरुण. 'लिऑन' आणि 'ओवेन्स' हे दोन शब्द जोडून पुढे 'लिओनोवेन्स' हे भारदस्त आडनाव तयार झाले.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. सावित्रीबाई फुले यांचा जन्मही १८३१ चाच, ३ जानेवारीचा. १८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने त्याच पुण्यात अ‍ॅनाचे लग्न लागले. एकाच वर्षी जन्मलेल्या, पुढे शिक्षिका म्हणून नाव झालेल्या या दोघी एका काळी एकाच शहरात होत्या. पेठ आणि लष्कर यांच्यामध्ये जे अंतर होते ते मैलांत मोजण्याजोगे नव्हते. दोघींना एकमेकींची वार्ता असण्याचे काही कारण नाही. तरी दोघींच्या वाट्याला आलेला प्रश्न सारखाच होता: शिकवण्याचा अधिकार माणसाला कशाने मिळतो? सावित्रीबाईंना लोकांनी जात आणि स्त्रीपण दाखवून अडवले, आणि त्या उघडपणे, अंगावर शेण झेलत उभ्या राहिल्या. अ‍ॅनाला कोणी अडवण्याआधीच तिने आपला जन्म बदलून टाकला.

हे एका दिवसात झाले नाही. पहिली मुलगी तान्हेपणीच गेली. नवरा-बायको १८५३ च्या सुमारास पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थला पोचले, तिथे दुसरे मूल गेले. टॉमस कारकुनी करू लागला आणि अ‍ॅनाने मुलींसाठी शाळा काढून पाहिली. परक्या देशात पाय रोवण्यासाठी शिकवणीचा आधार घेण्याची तिची ही पहिली खटपट. ती फारशी चालली नाही. तिथे एविस ही मुलगी आणि लुई हा मुलगा अशी दोन अपत्ये झाली आणि ती जगली. १८५७ मध्ये कुटुंब पिनांगला गेले. टॉमसला हॉटेलच्या व्यवस्थेचे काम मिळाले आणि मे १८५९ मध्ये तो अचानक वारला. अ‍ॅना तेव्हा सत्तावीस वर्षांची, मुलगी चार वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा.

अशा विधवेपुढे दोन वाटा होत्या. परत पुण्याला, छावणीतल्या नात्यांत जायचे, किंवा जिथे कोणी ओळखत नाही तिथे राहायचे. ती सिंगापूरला गेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा उघडली. नव्या नावाची नवी कहाणीही इथेच आकाराला आली. जन्म वेल्समधला, १८३४ चा. माहेरचे आडनाव क्रॉफर्ड. वडील कॅप्टन. नवरा लष्करी अधिकारी. सार्जंटाचा कॅप्टन झाला, कारकुनाचा मेजर झाला आणि वय तीन वर्षांनी उतरले. हिंदुस्थानातली बहीण आणि बाकीची माणसे तिने तोडून टाकली. या बहिणीचा नातू पुढे हॉलिवूडमध्ये बोरिस कार्लोफ या नावाने राक्षसाच्या भूमिकांसाठी गाजला. त्यानेही आपले जन्मनाव, विल्यम हेन्री प्रॅट, बाजूला ठेवले होते. नाव बदलून जगणे या घराण्याच्या अंगवळणी पडले होते म्हणायचे.

हे सगळे का करावे लागले, हे समजायला सिंगापूरच्या शाळेचा हिशेब पाहावा. इंग्रज अधिकारी आपल्या मुलांना ज्या बाईकडे पाठवत, तिच्याकडून त्यांना व्याकरणाबरोबर आणखी एक गोष्ट हवी असे. मुलांचे उच्चार, वागणे, चमचा धरण्याची पद्धत 'घरच्यासारखी' राहावी, आया-नोकरांची छाप पडू नये. नगरच्या छावणीत वाढलेली, आजीचा पत्ता नसलेली बाई ही नेमकी त्यांच्या भीतीची मूर्ती होती. तिला इंग्रजी किती येते हे विचारण्यापूर्वी ती कोठली आहे हे विचारले गेले असते. एवढे करूनही ती शाळा पैशाच्या बाजूने लंगडीच राहिली.

त्याच वेळी सयामचा राजा मोंगकुट शिक्षिकेच्या शोधात होता. हा राजा चित्रपटातल्यासारखा रांगडा नव्हता. गादीवर येण्यापूर्वी सत्तावीस वर्षे तो बौद्ध भिक्षू होता. फ्रेंच बिशपकडून लॅटिन आणि अमेरिकन मिशनऱ्यांकडून इंग्रजी शिकला होता. खगोलगणित हा त्याचा ध्यास. १८५१ मध्ये तो राजा झाला, १८५२ मध्ये शेजारच्या ब्रह्मदेशाचा दक्षिण भाग इंग्रजांनी घेतला आणि १८५५ मध्ये इंग्रजांशी व्यापाराचा तह त्याला करावा लागला. तहाची भाषा ज्याला वाचता येत नाही त्याचे राज्य राहत नाही, हे त्याने ओळखले. राणीवशात इंग्रजी शिकवायला मिशनऱ्यांच्या बायका येऊन गेल्या होत्या, पण त्यांच्या धड्यांत बायबल फार असे. म्हणून त्याने सिंगापुरातला आपला वकील तान किम चिंग याच्यामार्फत चौकशी केली. १८६२ च्या फेब्रुवारीत अ‍ॅनाला लिहिलेल्या पत्रात त्याने स्पष्ट अट घातली: इंग्रजी भाषा, विज्ञान आणि साहित्य शिकवावे, धर्मांतराच्या फंदात पडू नये. पगार ठरला महिना शंभर डॉलर.

मुलीला शाळेसाठी इंग्लंडला धाडून, पाच वर्षांच्या लुईला घेऊन अ‍ॅना मार्च १८६२ मध्ये बोटीने बँकॉकला उतरली. पुढच्या पाच वर्षांचे वर्णन तिने १८७० च्या आपल्या पहिल्या पुस्तकात केले आहे. ते जपून वाचावे लागते, पण नव्या देशात घर मांडणाऱ्या माणसाची धांदल त्यात खरी वाटते. उतरल्यावर कळले की राहायच्या जागेची काहीच व्यवस्था नाही. मग पंतप्रधानाच्या वाड्यात तात्पुरता आसरा. पुढे एक घर दाखवले गेले ते मासळीबाजाराजवळच्या घाणेरड्या गल्लीत. तिथून ती आल्या पावली परतली आणि कबूल केलेले घर मिळेपर्यंत भांडत राहिली. राजाने पहिल्या भेटीत वय विचारले तेव्हा तिने दीडशे वर्षे असे सांगितले, असे ती लिहिते. तिच्या वयाचे खरे प्रकरण माहीत असलेल्याला हा विनोद जरा जास्तच कळतो.

मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते तिच्याबरोबर उतरलेल्या माणसांनी. त्या पुस्तकात ती सहज सांगून जाते की आपल्यासोबत दोन नोकरमाणसे होती: फारसी शिकवणारे मुन्शी आणि बीबी नावाची हिंदुस्थानी आया. इंग्रज म्हणवणाऱ्या बाईने परदेशी घर थाटताना सोबत घेतले ते मुन्शी आणि बीबी यांना. अनोळखी शहरात, रात्री दार लावून घेतल्यावर त्या घरात कोणती भाषा बोलली जात असेल? माणूस बाहेर काहीही म्हणवून घेवो, परमुलखात आजारपणाला आणि भीतीला ज्या भाषेत हाक मारतो ती त्याची भाषा. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण जन्माचा दाखला बदलणाऱ्या अ‍ॅनाला आपले घर बदलता आले नाही, एवढे तरी त्यातून दिसते.

दुसरा तर्क कानाचा आहे. 'मोंगकुट' म्हणजे आपला मुकुट. युवराज चुलालोंगकोर्न म्हणजे चूडालंकरण. पंतप्रधानाची पदवी श्री सूर्यवंश. बँकॉकचे थाई नाव क्रुंग थेप, त्यातला थेप म्हणजे देव. वेल्समधून थेट आलेल्या बाईला हे सगळे शब्द दगडासारखे लागले असते. दख्खनमध्ये वाढलेल्या कानाला त्यांत ओळखीचे काही ऐकू आले नसेल, असे मला वाटत नाही. नोकर, आश्रित, सोवळेओवळे, राजापुढचे लोटांगण, एका घरात अनेक भाषा, हे सारे तिने लहानपणी वेगळ्या रूपात पाहिलेले होते. बँकॉकला तिचा टिकाव लागला तो या शिदोरीवर. आणि नेमकी हीच शिदोरी तिला लपवून ठेवावी लागत होती.

शाळा राजवाड्याच्या आवारात भरे. राजाच्या राण्या-उपस्त्रिया एकोणचाळीस आणि मुले ब्याऐंशी हे आकडे नेहमी सांगितले जातात. हे सगळे एका वेळी वर्गात बसत नसत, पण वयाचे आणि तयारीचे सर्व नमुने एकाच छपराखाली असत. वेबस्टरच्या स्पेलिंगच्या पुस्तकापासून सुरुवात झाली. आपल्याकडच्या एकशिक्षकी शाळेतल्या गुरुजींना हा प्रकार नवा वाटणार नाही. शिवाय राजाच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचे काम हळूहळू बाईंच्याच गळ्यात पडले. काम वाढले, पगार मात्र वाढेना आणि त्यावरून खटके उडाले. १८६७ मध्ये ती रजेवर गेली. परत येण्याच्या अटींची बोलणी चालू असतानाच, १ ऑक्टोबर १८६८ रोजी मोंगकुट वारला. सूर्यग्रहण पाहण्यासाठी तो दलदलीच्या भागात गेला होता. ग्रहणाचे त्याचे गणित बरोबर निघाले, पण तिथून तो हिवताप घेऊन आला. पंधरा वर्षांचा चुलालोंगकोर्न गादीवर बसला. त्याने आपल्या जुन्या शिक्षिकेला सौजन्याने उत्तर लिहिले, परत मात्र बोलावले नाही.

पुढे अमेरिकेत तिने लेखनावर आणि व्याख्यानांवर पोट भरले, आणि इथे मला तिच्याविरुद्ध बोलावे लागते. १८७३ च्या दुसऱ्या पुस्तकात तिने सयामी राजवाड्याच्या जनानखान्यातल्या छळाच्या कथा लिहिल्या. जमिनीखालच्या अंधारकोठड्या, प्रेमी जोडप्याला जिवंत जाळणे असे त्यात पुष्कळ आहे. बँकॉकची जमीन इतकी पाणथळ की तिथे तळघर टिकणेच कठीण, असे आक्षेप जाणकारांनी घेतले आहेत. १९४४ मध्ये मार्गारेट लँडन यांनी तिच्यावर कादंबरी लिहिली, १९५१ मध्ये त्यावरून संगीत नाटक झाले, मग चित्रपट. ज्या राजाने तिला भाकरी दिली, तो जगाच्या डोळ्यांपुढे नाचरा, हट्टी, अर्धवट सुधारलेला असा उभा राहिला. थायलंडने या चित्रपटावर बंदी घातली ती उगीच नव्हे. चुलालोंगकोर्नने लोटांगणाची प्रथा १८७३ मध्ये बंद केली आणि गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवली. त्याचे श्रेयही बाईंच्या खात्यावर टाकण्याची रीत पडली. राजाच्या स्वतःच्या बुद्धीला त्यात जागाच उरली नाही.

स्वतःविषयी ती जे खोटे बोलली, ते मी समजू शकतो. त्याखेरीज तिला फळ्यापुढे उभे राहता आले नसते. पण राजाविषयी जे लिहिले, त्याची तशी गरज नव्हती. ज्या गोऱ्या वाचकांनी तिचा जन्म कळल्यावर तिला दारात उभे केले नसते, त्यांनाच आवडेल असे चित्र तिने दुसऱ्या आशियाई माणसाचे काढून दिले. दोन्ही खोटी एकाच भीतीतून आली असतील, पण पहिल्याची किंमत तिने मोजली आणि दुसऱ्याची सयामने.

हे गुपित फोडले कोणी, हीही वाचण्यासारखी गोष्ट आहे. कंपनीच्या काळात प्रत्येक इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या तिथे शंभर वर्षे पडून होत्या. विल्यम ब्रिस्टो हे मुळात कोळ्यांचे अभ्यासक, म्हणजे घराच्या कोपऱ्यात जाळी विणणाऱ्या कोळ्यांचे. कोळ्यांच्याच नादाने ते सयामला गेले होते. अ‍ॅनाचा मुलगा लुई मोठेपणी सयामला परतून सागवानाच्या धंद्यात उतरला होता. त्याचे चरित्र लिहिताना ब्रिस्टोंनी जन्माचे दाखले तपासले, आणि आईच्या वेल्समधल्या जन्माचा पत्ताच लागेना. १९७६ च्या त्यांच्या पुस्तकाने कोडे फुटले. नंतर सुसान मॉर्गन आणि आल्फ्रेड हॅबेगर या अभ्यासकांनी हिंदुस्थानातले तपशील भरले. 'तुमची इतिहासातली पदवी कुठली?' असे मला अनेकदा विचारले गेले आहे. त्या वेळी कोळ्यांच्या या अभ्यासकाची आठवण मला धीर देते.

अ‍ॅना शेवटपर्यंत बोलली नाही. मुलगी आणि जावयाबरोबर ती कॅनडात हॅलिफॅक्सला राहिली. तिथे १८८७ मध्ये कलाशाळा स्थापन करण्यात तिने पुढाकार घेतला, ती संस्था आज विद्यापीठ आहे. स्त्रियांच्या मताधिकारासाठीही ती झटली. १९ जानेवारी १९१५ रोजी माँट्रियलला ती वारली. तोवर तिला कोणी विचारले नाही, आणि तिनेही पुसटशी कबुली दिली नाही.

हा लेख लिहायला घेतला त्याला एक निमित्त घडले. गेल्या वर्षी आमच्या ओळखीतली एक मुलगी थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायला गेली. नगरचीच, इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली. अर्ज करताना तिला ठिकठिकाणी एकच ओळ वाचायला मिळे: मातृभाषा इंग्रजी असणारेच हवेत. एका शाळेने मुलाखत चांगली झाल्यावर पासपोर्टचा देश पाहून नकार कळवला. दक्षिण कोरियात तर भाषाशिक्षकाचा व्हिसा प्रामुख्याने सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठीच ठेवलेला आहे. ती वैतागून माझ्याकडे आली होती. म्हणाली, "काका, एकाने सल्ला दिलाय, आडनाव थोडं बदल, फोटो उजळ लाव, आणि लंडनला राहिले होते म्हणून सांग. काय करू?"

मी तिला अ‍ॅनाची सगळी हकीकत सांगितली. दीडशे वर्षांपूर्वी नगरच्याच एका मुलीने हे करून पाहिले, तिला नोकरी मिळाली, पण त्यानंतर सख्ख्या बहिणीला पत्रही लिहिता आले नाही, असे म्हणालो. उपदेश केला नाही, कारण मला तेवढ्या गरजेला कधी तोंड द्यावे लागलेले नाही. तिने अर्जात नगर असेच लिहिले. चार महिने उशिराने, कमी पगारावर, एका लहान गावातल्या शाळेत तिला काम मिळाले.

पहिले काही आठवडे तिचे फार वाईट गेले. खोलीत ओल, जेवणात सगळीकडे मासळीच्या पाण्याचा वास, वर्गात पन्नास मुले आणि एकही बोलायला तयार नाही. मग एके दिवशी तिचा फोन आला तेव्हा आवाज बदललेला होता. म्हणाली, "काका, मुलं मला काय हाक मारतात माहितीये? ख्रू. म्हणजे बाई. मी सहज शब्दाचं मूळ शोधलं, तर ते आपलं गुरू निघालं. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले आणि माझं गाव कुठंय ते नकाशावर दाखवलं."

नकाशावर नगर शोधायला मुलांना बराच वेळ लागला म्हणे.